भाच्याला फेज ३ च्या चाचणीत घालावं का? (सिकलसेल, नागपूर)

वैनगंगा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४२

पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा भाचा पंधरा वर्षांचा. सिकलसेल, हा रक्ताचा आजार, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. घरी त्याला गोलू म्हणतात, अंगावर मांस नाही तरी. बहीण उमरेडकडे अंगणवाडी सेविका आहे. भाऊजी सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून पोराचं दवाखान्याचं मीच पाहतो. सिकलसेलच्या रुग्णाला देतात ते लाल कार्ड तो चार वर्षांचा असतानाच मिळालं. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फोलिक ॲसिड चालू आहे. तरी वर्षातून चार-पाचदा दुखणं उठतंच. पाठ, मांड्या, एकदा छातीसुद्धा. मे महिन्यात पाणी कमी पडलं की, नाहीतर आता दिवाळीनंतर थंडी उतरली की. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना सांगायला नको. पोरगा रात्रभर ओरडतो आणि आपण गरम पाण्याची पिशवी धरून बसतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, एका नवीन गोळीची चाचणी सुरू आहे, फेज ३, याला घ्यायचं का? वर्षभर रोज एक गोळी. अर्ध्या जणांना खरी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती ते डॉक्टरलाही कळणार नाही. तपासण्या आणि येण्याजाण्याचं भाडं त्यांच्याकडून. सोबत अठरा पानांचा मराठी कागद दिला. मी बी.कॉम. आहे, तरी 'यादृच्छिक पद्धतीने विभाजित' वगैरे वाचून तिसऱ्या पानावर डोळे मिटले. आणि सही करताना व्हिडिओ काढणार म्हणे.

बहिणीने एवढंच विचारलं, "दादा, माह्या पोरावर प्रयोग करून राहिले का हे लोकं?"

मला उत्तर देता आलं नाही. खोटी गोळी वाट्याला आली तर वर्ष वाया जाईल का? फेज ३ म्हणजे औषध जवळजवळ पास झालेलं असतं, असं ऑफिसमधला एक जण म्हणाला, ते खरं का? आणि तो कॅमेरा कशाला? औषधाचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तर्री_पोहे | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नका घालू भाऊ. फुकट तपासणी, फुकट भाडं, काहून देऊन राहिले एवढं? गरिबाचं पोट्टं सापडलं म्हणून.

२००९-१० मध्ये आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस दिली होती. आंध्रात कित्येक मुलींच्या कागदांवर आईबापाच्या जागी होस्टेलच्या वॉर्डनने सह्या ठोकल्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कोरडे ओढले. वाचा आणि मग ठरवा.

कुंपणावरचा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३१

तर्री, अर्धंच सांगितलंस. ती लस आधीच परवाना मिळालेली होती, म्हणजे ती फेज ३ नव्हती. सात मुली दगावल्या, पण चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं निघालं नाही. सह्यांचं मात्र सोळा आणे खरं.

तर्री_पोहे | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३८

सह्यांचंच तं बोलून राहिलो ना मी.

धंतोली_कट्टा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१४

वैनगंगा दादा, मी सहा वर्षं धंतोलीत वेगवेगळ्या दवाखान्यांत स्टडी कोऑर्डिनेटर होते. पेशंटला फोन करणारी, फाईल सांभाळणारी, रक्ताच्या नळ्या बर्फात घालून कुरिअरवाल्याची वाट पाहणारी ती आम्हीच. आता त्या कामात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी कॅमेरा. तो तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्यासाठी आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने चाचण्यांतल्या गैरप्रकारांवर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की संमती घेताना चित्रण करा. आता २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध अगदीच नवीन रेणू असेल आणि भाग घेणारा लहान मूल किंवा अशाच नाजूक गटातला असेल, तर ते चित्रण लागतंच. तर्री म्हणतो तशा वॉर्डनच्या सह्या पुन्हा होऊ नयेत म्हणूनच. बहिणीला सांगा, कॅमेऱ्यासमोर मनात येईल ते विचारायचं. डॉक्टर घाईत असेल तर ती घाईसुद्धा रेकॉर्ड होते. माझ्या एका दवाखान्यात एका आजीने कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, "मेलो तं कोण देईन पैसे?" डॉक्टर चपापले, पण उत्तर द्यावं लागलं.

दुसरं म्हणजे गोलूची स्वतःची संमती. आईची सही असतेच, पण त्याच्या वयाच्या मुलाला त्याच्या भाषेत वेगळा कागद देतात आणि त्यावर तो स्वतः सही करतो. त्याने नाही म्हटलं तर विषय संपला. मधेच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं, नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

खोट्या गोळीबद्दल. तिला प्लॅसिबो म्हणतात. प्लॅसिबो म्हणजे उपचार बंद, असं नाही. कागदात शोधा, 'सध्याचे उपचार चालू राहतील' असं कुठेतरी असेल. हायड्रॉक्सीयुरिया दोन्ही गटांना बहुधा चालूच ठेवतात. नवी गोळी त्याच्या जोडीला.

आणि कागदावर सीटीआरआय नंबर असेलच. सीटीआरआय म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. चाचणी सुरू होण्याआधी नोंदणी करणं २००९ पासून सक्तीचं आहे. त्यांच्या वेबसाईटवर जाऊन तो नंबर टाका. कुठल्या शहरात कोणती केंद्रं, एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित बघून चाचणीला परवानगी देणारी समिती) मान्यता कधीची, सगळं दिसतं. नंबर नसेल तर थेट उठून घरी या.

आबा_महाल | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:५०

आजीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. विमा एजंट होतो, हिशेब आवडतो.

चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र नियमातच दिलं आहे: ८ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वय १६ पर्यंत असेल तर वयाचा आकडा २२८.५४, पासष्टीनंतर ९९.३७. जोखमीचा आकडा अर्ध्यापासून चारपर्यंत. आधीच खूप आजारी असलेल्याला अर्धा, ठणठणीत माणसाला चार. म्हणजे ठणठणीत पोराचे साधारण ७३ लाख ६० हजार आणि माझ्यासारख्या ठणठणीत म्हाताऱ्याचे ३२ लाख. (मी ठणठणीत नाही, त्यामुळे आणखी स्वस्त.)

चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, ते मात्र वय न बघता. कारण चाचणीच होतं का, हे शेवटी औषध नियंत्रक ठरवतात. आमच्या क्लेमसारखंच.

रानफूल | १२ नोव्हेंबर, दुपारी २:२०

आबा, पोराच्या आईसमोर हे सूत्र नका मांडू बाप्पा.

आबा_महाल | १२ नोव्हेंबर, दुपारी २:४१

बरोबर आहे. माझी मुलगीही हेच म्हणते. पण आजीने विचारलं होतं.

झिरो_माईल | १२ नोव्हेंबर, रात्री ११:५८

ड्युटीवरून आत्ता आलो. बालरोगतज्ज्ञ आहे, शिक्षण आपल्या मेडिकलमध्येच, म्हणजे नागपूरच्या सरकारी कॉलेजात, आता नागपुरात नाही. सिकलसेलची पोरं रोज पाहिली आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

"फेज ३ म्हणजे जवळजवळ पास" हे ऑफिसातल्या मित्राचं वाक्य आधी डोक्यातून काढा. पहिल्या फेजमध्ये मोजकी माणसं असतात, औषध झेपतं का आणि किती झेपतं ते पाहतात. दुसरीत काही डझन ते काहीशे रुग्ण, काम करतंय असं वाटतं का ते बघायला. तिसरीत खरा निकाल लागतो आणि तिथे चांगली चांगली औषधं आपटतात. उदाहरण आपल्याच आजाराचं देतो.

क्रिझॅनलिझुमॅब नावाचं इंजेक्शन. दुसऱ्या फेजमध्ये १९८ रुग्ण होते. वर्षाला दुखण्याचे झटके प्लॅसिबोवाल्यांना २.९८, औषधवाल्यांना १.६३, म्हणजे ४५ टक्के कमी. सगळे खूश. अमेरिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली, पाठोपाठ युरोपने अटींवर दिली. मग फेज ३ चा निकाल आला. औषधवाल्यांना वर्षाला सरासरी २.५ झटके, प्लॅसिबोवाल्यांना २.३. काहीच फरक नाही. २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली.

दुसरं वोक्सेलोटर. ही गोळीच होती, रोज घ्यायची. फेज ३ मध्ये २७४ जण. हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढलं अशांचं प्रमाण औषधाच्या मोठ्या डोसवर ५१ टक्के, प्लॅसिबोवर ७. दणदणीत पास. तीही नोव्हेंबर २०१९ मध्येच बाजारात आली. पण त्या चाचणीत दुखण्याचे झटके काही ठळकपणे कमी झाले नव्हते. हिमोग्लोबिन वाढलं तर पुढे सगळंच सुधारेल, या हिशेबावर ती मंजूर झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच जगभरातून परत घेतली, कारण नंतरच्या आकड्यांत गोळी घेणाऱ्यांमध्ये झटके आणि मृत्यू जास्त दिसत होते.

म्हणून वैनगंगा, तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. ही चाचणी मोजणार काय आहे? कागदात 'प्राथमिक उद्दिष्ट' किंवा 'मुख्य निष्कर्ष' असं काहीतरी असेल. सीटीआरआयवर 'प्रायमरी आउटकम' म्हणून शोधा. तिथे हिमोग्लोबिन लिहिलंय की झटके? तुमच्या बहिणीला हिमोग्लोबिनची रात्र काढावी लागत नाही, दुखण्याची लागते.

कंपाउंडर_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

झिरो_माईल यांच्या मुद्द्याला पुस्ती. फार्मसीत चाळीस वर्षं गेली. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे ठोके चुकतात त्यांना ते थांबवणाऱ्या गोळ्या द्यायचे. ठोके चुकणं धोक्याचं, गोळीने ते थांबतात, म्हणजे माणूस वाचणार. यात चूक कुठे दिसते? मग अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी झाली. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड एका बाजूला, प्लॅसिबो दुसऱ्या, मिळून १४९८ रुग्ण. गोळीवाल्यांत ६३ मेले, प्लॅसिबोवाल्यांत २६. चाचणीचा तो भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. ईसीजी मात्र छान होता.

धंतोली_कट्टा | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

डॉक्टर, आदर ठेवून असहमत. हिमोग्लोबिन मोजणं म्हणजे फसवणूक नव्हे. सिकलसेलमध्ये रक्त सतत कमी असणं हेसुद्धा किडनीला, मेंदूला, हृदयाला खातं. झटका ओरडून सांगतो, ते गुपचूप होतं. आणि झटके मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. आमच्याकडे नियम असा असायचा की दवाखान्यात आला, इंजेक्शन लागलं, तरच झटका धरायचा. भिवापूरचा पेशंट घरीच पॅरासिटामॉल खाऊन तीन दिवस कण्हत पडला, तर तो आकड्यात येतच नाही. फेज ३ मध्ये मग वाटतं की दोन्ही गट सारखेच.

झिरो_माईल | १३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मान्य. दवाखान्यात न येणाऱ्या पोराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. हिमोग्लोबिन मोजू नका असं म्हणत नाही. ते एकटं मोजून औषध पास करू नका, एवढंच.

पारडी_नाका | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

थोडं अवांतर, पण याच गोष्टीवर आमच्या घरात भांडण झालं म्हणून लिहिते. बाबांना अल्झायमर. भाऊ पुण्याहून पेपरातलं कात्रण पाठवतो, 'नवीन इंजेक्शनने आजार २७ टक्के मंदावला'. लेकानेमॅब. फेज ३, १७९५ रुग्ण, अठरा महिने. मी मुळातलं वाचलं. अठरा गुणांची पट्टी आहे, जितके गुण जास्त तितका आजार जास्त. इंजेक्शनवाल्यांत आणि प्लॅसिबोवाल्यांत फरक पडला ०.४५ गुणांचा. २७ टक्के तोच, ०.४५ पण तोच. आणि साधारण आठातल्या एकाला मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज दिसली. भावाला म्हटलं, बाबांना मी कोण ते आठवेल का, हे त्या पट्टीवर कुठे आहे ते दाखव. अजून बोलत नाही तो माझ्याशी.

कुंपणावरचा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:३३

ताई, पट्टीत स्मरणशक्ती आहे, घरकाम आहे, स्वतःचं आवरणंही आहे. पण तुमचा राग समजला.

वैनगंगा | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागद पुन्हा काढला. सहाव्या पानावर सापडलं. मुख्य मोजमाप हिमोग्लोबिन. झटके दुसऱ्या क्रमांकावर आहेत, डायरीत लिहायचे. हायड्रॉक्सीयुरिया चालू राहणार, पण आधीचे तीन महिने डोस तोच असला पाहिजे. नोंदणी क्रमांक टाकून पाहिला, साईटवरही तेच.

रात्री बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "हिमोग्लोबिन सातवर असते तवा हासून राहते, नऊवर असते तवा रडून राहते. मंग कोणतं खरं?"

तिच्या भिंतीवर कॅलेंडर असतं. ज्या दिवशी दुखलं त्या तारखेला ती लाल पेनाने गोल करते, शाळा बुडली तर आत फुली मारते. भाऊजी गेले त्या वर्षापासूनची सगळी कॅलेंडरं गुंडाळून कपाटावर ठेवली आहेत. मला वाटायचं कागद साठवायची सवय आहे.

रानफूल | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी गडचिरोलीची. माझी मुलगी एसएस, आता बावीसची, नर्सिंग करते. वहीत लिहायची सवय मलाही होती. तुमच्या ताईला माझा नमस्कार सांगा.

एक सांगू का? तुमचा गोलू जी कॅप्सूल खातो ना, ती आधी कॅन्सरची होती. सिकलसेलवर तिची मोठी चाचणी अमेरिकेत आणि कॅनडात झाली. २९९ मोठी माणसं, अर्ध्यांना प्लॅसिबो. वर्षाचे झटके प्लॅसिबोवाल्यांना साडेचार, कॅप्सूलवाल्यांना अडीच. फरक इतका स्पष्ट होता की जानेवारी १९९५ मध्ये ती वेळेआधीच थांबवली. आणि पोरांना, तेही आपल्याकडच्या, कमी डोस पुरतो का, हे आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांच्या चमूने पाहिलं. साठ मुलं, किलोला १० मिलिग्रॅम, दीड वर्ष, आणि तिथेही प्लॅसिबो गट होता. २०१२ मध्ये छापून आलं. झटके ठळक कमी झाले होते.

म्हणजे कोणाच्या तरी पोराने दीड वर्ष खोटी गोळी खाल्ली, म्हणून माझ्या पोरीला खरी मिळाली. मी त्या आयांना ओळखत नाही. मेडिकल चौकातून ऑटोने जाताना कधी कधी आठवण येते.

तर्री_पोहे | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

रानफूल ताई, याच्यावर मी काही बोलत नाही. पण तेव्हाच्या त्या आयांना कोणी सांगितलं का नंतर, की तुमच्या पोरामुळे हे झालं? कोणी पत्र धाडलं? निकाल लागला की पेपर छापणारे छापते, औषध विकणारे विकते.

धंतोली_कट्टा | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:२६

तर्रीचा हा मुद्दा मला जिव्हारी लागला. सहा वर्षांत एकाही पेशंटला निकाल कळवायला मी फोन केलेला नाही. कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्टडी बंद झाली की खोकी सील करून गोदामात.

वैनगंगा, आणखी एक विचारून घ्या. वर्ष संपल्यावर काय? गोळी लागू पडली तरी ती आपोआप मिळत राहत नाही. नियमात तरतूद आहे, पण दुसरा पर्याय नसावा, डॉक्टरने शिफारस करावी, एथिक्स कमिटीने मान्य करावं, मग कंपनीने फुकट द्यायची. अशा तीन-चार पायऱ्या आहेत. कागदात पुढची सोय लिहिली आहे का बघा. माझ्या एका पेशंटला शेवटच्या व्हिजिटला उरलेल्या गोळ्या परत मागाव्या लागल्या होत्या. मोजून. त्या माणसाचं तोंड अजून दिसतं.

आबा_महाल | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

एक गणित, या वेळी मृत्यूचं नाही. सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं.

तीनाचा नियम म्हणतात. समजा ३०० जणांनी गोळी घेतली आणि एकालाही अमुक दुष्परिणाम झाला नाही. म्हणून तो होतच नाही का? तर नाही. ३ भागिले ३००, म्हणजे शंभरात एकाला होत असेल ही शक्यता तेवढ्या माणसांवरून पुसता येत नाही. कोव्हॅक्सिनच्या फेज ३ ला २५,७९८ माणसं घेतली, कारण लस निरोगी माणसाला द्यायची आणि कोट्यवधींना द्यायची. सिकलसेलला एवढे रुग्ण कुठून आणणार? ते दोन-तीनशेवरच भागवतात. त्यामुळे दोन-तीनशेत न दिसलेलं नंतर दिसू शकतं. वोक्सेलोटरचंही निम्मं रडगाणं तेच असावं. डॉक्टरांनी दुरुस्त करावं.

झिरो_माईल | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दुरुस्तीची गरज नाही. हे मला पोस्ट ग्रॅज्युएशनला कोणी इतक्या सोप्यात सांगितलं नव्हतं.

कुंपणावरचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

वैनगंगा, काय ठरलं?

पारडी_नाका | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:१२

धागा वर काढते. थंडी वाढली आहे, सगळं ठीक असेल अशी आशा.

वैनगंगा | २४ नोव्हेंबर, रात्री १२:३५

माफ करा, इकडे फिरकलो नाही. गोलू ॲडमिट होता. सतरा तारखेला पहाटे उमरेडहून गाडी करून आणला. छातीत दुखत होतं, ऑक्सिजन कमी दाखवत होतं. चार दिवस आत. दोन पिशव्या रक्त लागलं. आता घरी आहे, माझ्याकडे. आत्ता झोपलाय. मी गच्चीवरून टाईप करतोय, म्हणजे उजेड त्याच्या डोळ्यांवर जाणार नाही.

रानफूल | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:०२

पाणी पाजत राहा, थंडीतही. तहान लागत नाही म्हणून पोरं पीत नाहीत. मोजे घालूनच झोपवा.

तर्री_पोहे | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

भाऊ, रक्तासाठी डोनर लागले तर इथेच लिही. आमचं इंदोऱ्याचं पूर्ण मंडळ आहे. अर्ध्या तासात चार पोट्टे उभे करतो.

वैनगंगा | १ डिसेंबर, रात्री १०:५०

आज चाचणीच्या ओपीडीला जाऊन आलो. बहीणही आली होती, कॅलेंडरांची गुंडाळी पिशवीत घेऊन. मी म्हटलं कशाला, तर म्हणे राहू दे.

कॅमेरा लावायची वेळच आली नाही. कोऑर्डिनेटर मुलीने आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. रक्त चढवलं की तीन महिने चाचणीत घेता येत नाही. हिमोग्लोबिन रक्तामुळे वाढलेलं की गोळीमुळे, ते कळणार नाही ना. 'स्क्रीन फेल्युअर', म्हणजे निवडीतच बाद, असा शिक्का. गोलूचं तोंड उतरलं. त्याने आपला कागद तीनदा वाचला होता आणि सही कशी करायची याची वहीच्या मागे प्रॅक्टिसही केली होती, हे मला आजच कळलं. "मामा, गणितात नापास नाही झालो, ह्याच्यात झालो," म्हणे.

उठणार तेवढ्यात बहिणीने कॅलेंडरं काढून टेबलावर पसरली. डॉक्टर आधी घड्याळाकडे बघत होते, मग चष्मा लावून वाकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत महिन्याला एखादा लाल गोल. मागच्या उन्हाळ्यापासून तीन-तीन, चार-चार. त्यांनी विचारलं, कॅप्सूलचा डोस शेवटचा कधी वाढवला? कोणालाच आठवेना. जुने पेपर काढले तर दोन वर्षं तोच डोस, आणि पोराचं वजन दरम्यान अकरा किलोने वाढलेलं. डोस वजनावर ठरतो, हे मला या धाग्यावर वाचूनच कळलं होतं. आम्ही दर महिन्याला जिथून कॅप्सूल आणतो तिथे त्याला वजनकाट्यावर कोणी उभंच केलं नाही. आम्हीही कधी म्हटलं नाही.

डोस वाढवला आहे. दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायला सांगितलंय, पेशी खाली जायला नकोत म्हणून. चाचणीसाठी म्हणाले, डोस तीन महिने एकसारखा राहू द्या, मग मार्चमध्ये या, तेव्हा भरती सुरू असली तर पुन्हा बघू.

धंतोली_कट्टा, तुमचे दोन्ही प्रश्न विचारले. वर्षानंतर गोळी मिळेल का, यावर "प्रोटोकॉलमध्ये एक्स्टेन्शन आहे, पण लेखी बघून सांगते" असं मिळालं. निकाल लागल्यावर आम्हाला कळवाल का, यावर ती मुलगी थोडी गोंधळली. मग तिने फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने बहिणीचा नंबर लिहून घेतला.

धंतोली_कट्टा | १ डिसेंबर, रात्री ११:१५

पेन्सिलने का होईना. आणि फेल्युअर शब्दाचं गोलूला वाईट वाटून घेऊ देऊ नका. आमच्या रजिस्टरला दहातले चार तरी तसेच असायचे.

झिरो_माईल | २ डिसेंबर, सकाळी ६:२०

वैनगंगा, ती कॅलेंडरं फेकू नका. मार्चला नेताना सोबत न्या, आणि या तीन महिन्यांचे गोल आधीच्या तीन महिन्यांशेजारी ठेवा. वाढलेल्या डोसनेच झटके आटोक्यात आले तर नवीन गोळीचा विचार वेगळ्या तऱ्हेने करता येईल. सीबीसीचे रिपोर्ट मला व्यनि (खासगी निरोप) केलेत तरी चालेल.

वैनगंगा | २ डिसेंबर, रात्री ९:३०

नक्की करतो. नवीन वर्षाचं कॅलेंडर आज आणलं. आता गोल तो स्वतःच करणार म्हणतो. बहीण लाल पेन द्यायला तयार नाही, त्यावरून सध्या फोनवर भांडण चालू आहे.

तर्री_पोहे | २ डिसेंबर, रात्री ९:४४

दोन पेन घे ना बे.